'दिवस १'ची अकरा पानं

"सुरुवात जोरात होते, ताई. पुढे टिकत नाही."

हे वाक्य माझ्या समुपदेशनाच्या खोलीत इतक्यांनी उच्चारलंय की आता समोरच्याने 'सुरुवात' म्हटलं की पुढचं मला आधीच ऐकू येतं. नुकताच बाप्तिस्मा घेतलेली मुलं म्हणतात, तीस वर्षं मंडळीत (म्हणजे चर्चमध्ये) पुढच्या बाकावर बसणाऱ्या बायका म्हणतात. एकदा एक पाळकसाहेबही (चर्चचे धर्मगुरू) म्हणाले, पण आधी उठून दार नीट लागलंय का ते बघून आले. तक्रारीचं रूप थोडंफार बदलतं. कुणाचं प्रार्थनेला बसलं की मन भरकटतं. कुणाचे डोळे वचनांवरून फिरतात, आत काही उतरत नाही. शिबिराहून परतल्यावर पंधरा दिवस पाय जमिनीला लागत नाहीत, मग ये रे माझ्या मागल्या. आणि निघता निघता, आवाज खाली घेऊन तोच प्रश्न: "मी खरा विश्वासणारा आहे ना?"

एक अनुभव सांगते. ज्यांचा आहे त्यांनी परवानगी दिली आहे आणि ओळख पटेल असं सगळं मी बदललं आहे. त्यांना इथे भाऊ म्हणते.

भाऊ चाळिशीतले. नोकरी, दोन मुलं, आणि बरीच वर्षं मंडळीत संडे स्कूलचे, म्हणजे मुलांच्या रविवारच्या बायबल-वर्गाचे, शिक्षक. पहिल्याच भेटीत म्हणाले, "रविवारी मुलांना 'निरंतर प्रार्थना करा' हे वचन पाठ करायला लावतो. सोमवारपासून माझाच पत्ता नसतो. मी ढोंगी आहे, ताई." ढोंगी हा शब्द त्या तासाभरात चारदा आला. असे शब्द मोजायची मला सवय आहे. माणूस स्वतःला पुन्हा पुन्हा एकच शिवी देतो, तेव्हा ती बहुधा दुसऱ्याकडून आलेली असते. (त्यांच्या बाबतीत ती वडिलांकडून आली होती. तो धागा वेगळा, इथे उकलत नाही.)

मी आधी झोप विचारली. मग भूक, काम, घरातलं वातावरण. आत्म्याच्या गोष्टी करायला आलेल्या माणसाला हे खटकतं, ते मला चेहऱ्यावर दिसतं. पण मी आधी शरीराची चौकशी करणाऱ्या पठडीतली आहे आणि मला तिची लाज वाटत नाही. बायबलमधल्या 'पहिले राजे' या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायातला एलीया संदेष्टा आठवा. कर्मेल डोंगरावर एवढा विजय मिळवलेला माणूस ईजबेल राणीच्या एका धमकीने पळतो, रतामाच्या झाडाखाली बसून मरण मागतो. तेव्हा देवदूत त्याला उपदेश करत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा कुंजा ठेवतो. एलीया खातो, पुन्हा झोपतो. देवदूत पुन्हा उठवून खाऊ घालतो. 'तू येथे काय करीत आहेस?' हा प्रश्न देव विचारतो तो चाळीस दिवसांची चाल संपवून तो होरेब डोंगराला पोचल्यावर. मी फक्त तोच क्रम पाळते. दोन आठवडे किंवा त्याहून जास्त काळ दिवसभर उदास वाटत असेल, झोप आणि भूक बिघडली असेल, कशातच रस उरला नसेल, तर मी आधी डॉक्टरकडे पाठवते. तो आजार असू शकतो, आणि आजाराला विश्वासाची उणीव म्हणणं क्रूरपणाचं आहे.

भाऊंचं तसं काही नव्हतं. ते नीट झोपत होते, जेवत होते, हसतही होते. मग मी चूक केली. त्यांना वेळापत्रक बांधून दिलं. पहाटे वीस मिनिटं, अमुक वाचन, तमुक क्रमाने प्रार्थना. नव्याचे नऊ दिवस म्हणतात ते अक्षरशः खरं झालं. दहाव्या रात्री धाकट्याला ताप आला, पहाट झोपेत गेली, आणि भाऊ पाच आठवडे माझ्याकडे फिरकले नाहीत. आजारी माणसाला ज्यामुळे आजार झाला तेच मी औषध म्हणून दिलं होतं. हे मला कळलं, ते सहाव्या आठवड्यात त्यांनी आणलेल्या वहीमुळे.

साधी रेघी वही. पहिल्या पानावर ठळक अक्षरात 'दिवस १', खाली दोनदा ओढलेली रेघ. त्याखाली दिवस २, दिवस ३, प्रत्येकापुढे वाचलेला अध्याय. खंड पडला की उरलेलं पान कोरं सोडलेलं, आणि नव्या पानावर पुन्हा 'दिवस १', पुन्हा दोन रेघा. सव्वादोन वर्षांत अशी अकरा पानं. सगळ्यात लांब मजल त्रेचाळीस दिवसांची. एका पानावर नुसतंच 'दिवस १', खाली काही नाही.

"बघा," ते म्हणाले. "पहिले पाढे पंचावन्न. अकरा वेळा."

मी पानं उलटत राहिले. मग विचारलं, "संडे स्कूलला हजेरी घेता?"

"घेतो की."

"एखादा मुलगा दोन रविवार आलाच नाही. तिसऱ्या रविवारी आला. काय लिहिता?"

"हजर."

"आणि आधीचे दोन रविवार?"

"ते त्या त्या दिवशी मांडले गेले. आज आलाय म्हटल्यावर आज हजर." ते थोडे वैतागलेच. "त्याचं नाव खोडून पुन्हा पहिल्यापासून थोडंच लिहायचं असतं?"

मी वही त्यांच्याकडे फिरवली.

त्यांनी पान उलटलं, मग दुसरं. प्रत्येक कोऱ्या जागेवर बोट ठेवत होते. एका ठिकाणी थांबले. "इथे वडील गेले. तीन महिने काहीच नाही." बोट पुढच्या पानावर सरकलं. "मग इथे मी परत का बसलो?"

"आठवतंय?"

"काही झालंच नव्हतं, ताई. ना कुणी समजावलं, ना कुठली सभा ऐकली. कपाट आवरताना बायबल हाताला लागलं. वाटलं, बसावं." बराच वेळ गप्प राहिले. मग अगदी हळू: "मला कुणी बोलावलं असेल?"

मी उत्तर दिलं नाही. त्या जागी समुपदेशकाने बोलायचं नसतं. एरवी मी बडबडी आहे, म्हणून तेव्हा गप्प बसले याचा मला आजही थोडा अभिमान वाटतो. तो प्रश्न त्यांनी मला विचारलाच नव्हता.

त्यांनी अकरा अपयशं म्हणून आणलेली वही अकरा परतण्यांची होती, एवढंच मला दाखवायचं होतं. ती परतणीही त्यांच्या एकट्याच्या कर्तबगारीची नव्हती, हा पुढचा टप्पा त्यांनी स्वतःच गाठला, आणि तो माझ्यापेक्षा खोल होता.

तेव्हापासून मी चिकाटीकडे वेगळ्या नजरेने बघते. आपण ती अखंड रेघ समजतो, तुटली की संपली. पण शास्त्रात कुणाची रेघ अखंड आहे? लूकच्या शुभवर्तमानाच्या बाविसाव्या अध्यायात येशू आपला शिष्य पेत्र याला सांगतो, तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी विनंती केली आहे. लगेच पुढे म्हणतो, तू वळलास म्हणजे आपल्या भावांना स्थिर कर. कोंबडा आरवायला अजून वेळ आहे. त्याआधी पेत्र आपली ओळख नाकारणार हे येशूला ठाऊक आहे, तरी तो पेत्राच्या परतण्याची वेळ गृहीत धरून त्याला पुढचं काम नेमून देतो. हे वचन मी वर्षानुवर्षं वाचलं होतं. 'वळलास म्हणजे' हे दोन शब्द भाऊंच्या वहीनंतर दिसले.

बायबलमधल्या इब्री लोकांस पत्राचा बारावा अध्याय तर या विषयावर सगळेच काढतात. धीराने धावा, येशूकडे पाहत राहा. ऐकणारा आणखी दमतो, कारण त्याला वाटतं नजर एकदाही हलता कामा नये. तिथे 'पाहणे' यासाठी मूळ ग्रीक भाषेत जो शब्द आहे, त्याचा अर्थ दुसरीकडून नजर काढून एकीकडे लावणे असा होतो. नजर दुसरीकडे असते, हे त्या शब्दातच धरलेलं आहे. 'धीर' या शब्दाचंही तसंच. मूळ शब्दाची फोड केली तर ओझ्याखाली राहणे, तिथून न हलणे असं निघतं. त्यात वेगाचा प्रश्नच नाही. आणि ते पत्र कुणाला लिहिलंय तेही बघा. दहाव्या अध्यायात एकत्र जमणं सोडलेल्या काहींचा उल्लेख आहे, बाराव्यात गळालेले हात आणि लटपटते गुडघे आहेत. पहिल्या शतकातल्या मंडळीचीही दमछाक होत होती.

चौथ्या शतकात मिसरच्या वाळवंटात राहणाऱ्या इव्हाग्रियस नावाच्या संन्याशाने (मृत्यू इ.स. ३९९) या अवस्थेचं जे वर्णन केलंय, ते मी हल्ली बऱ्याच जणांना सांगते. ऐकणारा हसतो, कारण आपलीच चहाडी कुणी तरी केल्यासारखी वाटते. भर दुपारी साधूला सूर्य जागचा हलेनासा वाटतो. तो पुन्हा पुन्हा खिडकीकडे बघतो, बाहेर डोकावून जेवणाच्या वेळेला अजून किती अवकाश आहे ते पाहतो, कुणी बंधू भेटायला येतोय का याचा अंदाज घेतो. हळूहळू ती जागा नकोशी होते, काम नकोसं होतं. बंधूंमध्ये आता प्रेमच उरलं नाही असं वाटू लागतं, आणि मग वाटतं, दुसऱ्या एखाद्या जागी प्रभूला संतोषवणं सोपं जाईल. खिडकीच्या जागी फोन ठेवा, 'दुसऱ्या जागी' म्हणजे दुसरी मंडळी किंवा ऑनलाइन उपदेशक धरा. काही बदललेलं नाही. म्हणून कुणी मंडळी बदलायचा विचार घेऊन आलं की मी घाई करू देत नाही. कधी कधी कारण खरं असतं, विशेषतः तिथे छळ किंवा फसवणूक होत असेल तर. पुष्कळदा ती नुसती दुपार असते.

भाऊंबरोबर पुढे जे केलं ते फारच साधं होतं. पहिली गोष्ट, बाकी भरून काढायची नाही. वर्षात संपूर्ण बायबल वाचायचं तर ११८९ अध्याय होतात, म्हणजे दिवसाला तीन-चार. एक आठवडा चुकला की तेवीसेक अध्यायांचं कर्ज चढतं, आणि लेवीय या तिसऱ्याच पुस्तकाच्या आसपास बहुतेकांचं दिवाळं निघतं. चुकलेलं चुकू द्या. आज जिथे बोट पडेल तिथून वाचा. माप इतकं लहान ठेवा की तापाने फणफणलेल्या मुलाला मांडीवर घेऊनही ते निभेल. ११७वं स्तोत्र दोनच वचनांचं आहे. कुणी त्याला स्तोत्र म्हणायचं सोडलेलं नाही.

मन भरकटतं त्याचं काय, हा भाऊंचा मुख्य प्रश्न. मी म्हटलं, "कुठे जातं?" ते म्हणाले, "ऑफिसात. साहेबांशी झालेल्या वादात." "मग साहेबांचं नाव घेऊन प्रार्थना करा. मन जिथे गेलंय तिथेच प्रभूला बोलवा, ओढून कशाला आणता?" आजवर दिलेल्या सल्ल्यांपैकी हा मला सगळ्यात जास्त आवडतो. फोन मात्र दुसऱ्या खोलीत. त्यावर मी वाद घालत नाही.

शब्द सुचत नसतील तर उसने घ्यावेत, येशूने शिष्यांना दिलेली 'प्रभूची प्रार्थना' त्यासाठीच शिकवलेली आहे. आनंदाचं सोंग तर मुळीच नको. ८८वं स्तोत्र अंधारावरच संपतं, शेवटी दिलासा नाही, तरी ते शास्त्रात आहे.

आणि एक माणूस हवा. सगळ्या मंडळीला सांगायची गरज नाही. एकच, जो 'काय चाललंय?' विचारेल आणि उत्तर ऐकून उपदेश करणार नाही. भाऊंनी संडे स्कूलच्याच दुसऱ्या शिक्षकांना सांगितलं. ते म्हणाले, "अरे, मला वाटलं मी एकटाच."

ढोंगी हा शब्द हळूहळू कमी झाला. शेवटच्या दोन भेटींत तो एकदाही आला नाही (मोजलं). वहीबद्दल मी विचारलं नव्हतं, त्यांनीच सांगितलं: वही तीच आहे, पण आता दिवसाचा आकडा घालत नाहीत, नुसती तारीख घालतात.

आमच्या भेटी थांबल्याला चार-पाच महिने झाले असतील. एका सकाळी त्यांचा फोन आला. मला वाटलं, पुन्हा बसायचं असेल, म्हणून डायरी उघडली.

"नाही, नाही," ते म्हणाले. "आठ दिवस खंड पडला होता. ऑफिसचं काम, मग पाहुणे. आज बसलो. मार्क दुसरा अध्याय, अर्धाच झाला. तुम्हाला सांगावंसं वाटलं."

मग म्हणाले, "ठेवतो, ताई. मुलांची शाळेची वेळ झाली."