‘पण ते जाऊ दे’ असं कसं म्हणालीस?

“ताई, १४ वर्षं मालिकांमध्ये काम करतेय. यंदा पहिल्यांदाच स्वतः लिहून, दिग्दर्शन करून २२ मिनिटांची शॉर्ट फिल्म केली. विषय आमच्या सेटवरच्या हेअरच्या मावशी. नायिका मी, मावशींच्या भूमिकेत नाटकातल्या एक ज्येष्ठ बाई. साठवलेले चार लाख त्यात गेले. कॅमेरामन तिन्ही दिवस माझं ऐकत नव्हता, माझ्याआधी तोच ‘कट’ म्हणायचा. दोन महोत्सवांनी फिल्म नाकारली. बघणारे म्हणतात, ‘छान आहे, पण भिडत नाही.’ मावशींना अजून दाखवलेली नाही, गडबडीत राहूनच गेलं. त्यांना खरं तर मेकअप करायचा होता, पण ते जाऊ दे. एडिटर बदलू की हा नादच सोडू?”
– एक अभिनेत्री, ठाणे

अगं, कॅमेरामनवर तू दीड पान लिहिलंयस, मी ते इथे एका ओळीत बसवलं. त्याच्यावर मी याहून जास्त बोलणार नाही. पुढच्या वेळी दुसरा घे.

मला बोलायचंय ते तुझ्या त्या चार शब्दांवर. ‘पण ते जाऊ दे.’ का जाऊ दे?

मावशी या लाइनमध्ये आल्या तेव्हा मुंबईच्या इंडस्ट्रीत बाईला युनियनचं मेकअप आर्टिस्टचं कार्डच मिळत नसे. मिळायचं ते हेअर ड्रेसरचं. चेहरा पुरुषांनी करायचा, केस बायकांनी, ही वाटणी पन्नासहून जास्त वर्षं चालली. का, तर बायका मेकअप करायला लागल्या तर पुरुषांच्या पोटावर पाय येईल. मेकअप आर्टिस्ट चारू खुराना सुप्रीम कोर्टापर्यंत गेल्या, तेव्हा कुठे १० नोव्हेंबर २०१४ रोजी कोर्टाने ही बंदी बेकायदा ठरवली. तू तेव्हा कामात होतीस. मावशी तुझ्या खुर्चीमागे उभ्या असतील, दातांत दोन आकडे धरून. त्यांना ही बातमी कुणी सांगितली का? कळली तेव्हा उशीर झाला होता का? की त्या अर्ज करायला गेल्याही होत्या? तुला यातलं काही माहीत नाही. अख्खी फिल्म लिहिलीस आणि एवढं विचारलं नाहीस, याचा मला राग आलाय.

तू पाठवलेली फिल्म मी दोनदा पाहिली. सातव्या मिनिटाला मावशींची बोटं तुझ्या कपाळावरची बट मागे नेतात, गालापर्यंत उतरतात, तिथे क्षणभर थांबतात आणि पुन्हा केसांत जातात. बहुधा त्या ज्येष्ठ बाईंनी आपल्या मनाने केलं असावं. माझ्या अंगावर काटा आला. आणि नेमका तिथेच तू शॉट तोडलास आणि स्वतःच्या भरलेल्या डोळ्यांवर गेलीस. डोळे चांगले बोलतात तुझे, पण मला ते हात बघायचे होते. ज्या हातांना आयुष्यभर चेहऱ्याचं काम करू दिलं नाही, ते हात. मावशींचा चेहरा २२ मिनिटांत किती वेळ दिसतो ते घड्याळ लावून मोज. मी मोजलं. चार मिनिटंसुद्धा भरत नाही.

अपर्णा सेन १९८१ साली ‘३६ चौरंगी लेन’ घेऊन दिग्दर्शनात आल्या, तेव्हा त्या बंगालीतल्या नावाजलेल्या नायिका होत्या. पटकथाही त्यांचीच. तरी मुख्य भूमिका त्यांनी जेनिफर केंडल यांना दिली आणि स्वतः कॅमेऱ्यामागे राहिल्या. त्या पहिल्याच चित्रपटाने त्यांना दिग्दर्शनाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळवून दिलं. तू मात्र कॅमेऱ्यामागे गेलीस आणि लगेच धावत पुढे येऊन बसलीस. १४ वर्षांची सवय आहे, मला कळतं. पण पदरचे चार लाख घालून हेअरच्या मावशींवर फिल्म करावीशी वाटली, ती तुलाच. ज्या मुलीला हे सुचलं, तिने नाद सोडायची भाषा माझ्यासमोर करायची नाही.

येत्या रविवारी मावशींच्या घरी जा. लॅपटॉप नको, मेकअपची पेटी घे. स्वच्छ धुतलेल्या चेहऱ्याने त्यांच्यासमोर बस आणि म्हण, “मावशी, आज माझा मेकअप तुम्ही करा.” फोन पिशवीत राहू दे, रेकॉर्डिंग करायचं नाही. त्या नको म्हणाल्या तर चहा पिऊन परत ये आणि पुढच्या रविवारी पुन्हा जा. हो म्हणाल्या तर डोळे मिटून गप्प बस. हात चालू झाला की त्या आपोआप बोलतील. मध्ये तोंड घालू नकोस, ‘अय्या, हे मला माहीतच नव्हतं’ असंसुद्धा म्हणू नकोस.

मग फिल्म दाखव आणि आतापर्यंत जे विचारायचं टाळलंस ते विचार, “तुमची गोष्ट मी सांगितली तर चालेल का?” नको म्हणाल्या तर फिल्म कपाटात जाईल आणि चार लाखांवर पाणी सोडावं लागेल. हो म्हणाल्या तर ज्येष्ठ बाईंची एक तारीख घे, तीच खुर्ची, तोच आरसा मांड, आणि या वेळी तुझा चेहरा फ्रेममध्ये नसला तरी चालेल.

एडिटर बदलायची काही गरज नाही. त्याला महिनाभर थांबायला सांग.