कोळी संस्थानांचा दर्जा आणि इंग्रजी अंमल

प्रश्न : जव्हारचे राजघराणे महादेव कोळी समाजाचे होते, असे वाचले. इंग्रजांच्या काळात या संस्थानाला खरोखर काही अधिकार होते का? अशी आणखी कोळी संस्थाने होती का?

उत्तर : जव्हारच्या मुकणे घराण्याची सत्ता इंग्रजांहून कितीतरी जुनी होती. जयबा मुकणे यांनी चौदाव्या शतकात तिचा पाया घातला, आणि त्यांचे पुत्र नेमशहा यांना १३४३ मध्ये दिल्लीच्या सुलतानाने राजा म्हणून मान्यता दिली, अशी परंपरा आहे. एके काळी बावीस किल्ल्यांचा मुलूख सांगणाऱ्या या राज्याचा मोठा भाग अठराव्या शतकात पेशव्यांनी घेतला. त्यामुळे इंग्रजांच्या हाती आले ते आधीच आकसलेले, सुमारे ३१० चौरस मैलांचे डोंगराळ संस्थान.

इंग्रज जव्हारकडून वार्षिक खंडणी घेत नसत आणि पुढे राजाला ९ तोफांच्या सलामीचा मानही मिळाला. मात्र गादीवर येणाऱ्या वारसाला सरकारची मान्यता लागे, त्यासाठी नजराणा द्यावा लागे, आणि ठाण्याचे कलेक्टरच पोलिटिकल एजंट म्हणून कारभारावर लक्ष ठेवत. तेव्हा अधिकार होते, पण ते वरच्या सत्तेने आखून दिलेल्या मर्यादेतले होते, असेच म्हणावे लागेल.

गुजरातेत महीकांठा एजन्सीमध्ये (इंग्रजांनी एका पोलिटिकल एजंटाच्या देखरेखीखाली ठेवलेल्या लहान संस्थानांच्या गटात) घोडासर, आंबलियारा, कटोसण अशी कोळी ठाकुरांची लहान संस्थाने होती. तेथील काही घराणी स्वतःला राजपूत वंशाची मानत, तर इंग्रजी दप्तरात त्यांची नोंद कोळी अशी होई. या दोन्ही गोष्टी लक्षात ठेवूनच तो इतिहास वाचावा, असे मला वाटते. ही संस्थाने बडोद्याच्या गायकवाडांना खंडणी देत. १८२० पासून तिची वसुली आणि प्रदेशाचा बंदोबस्त इंग्रजांनी आपल्याकडे घेतला. पुढे संस्थानांचे सात वर्ग पाडून प्रत्येकाचे दिवाणी व फौजदारी अधिकार ठरवण्यात आले, आणि सर्वांत लहान जहागिरींत तर न्यायदान एजन्सीच्या ठाणेदाराकडे, म्हणजे तिच्या स्थानिक अधिकाऱ्याकडेच गेले. १९४३ च्या योजनेनुसार गुजरातेतील अशी अनेक छोटी संस्थाने शेजारच्या मोठ्या संस्थानांना जोडण्यात आली. जव्हार मात्र १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन होईपर्यंत वेगळे राहिले.

प्रश्नात नसलेली एक गोष्ट येथे सांगणे मला अगत्याचे वाटते. संस्थानाचा दर्जा मिळाला तो फार थोड्यांना. त्याच महादेव कोळी समाजातील जी घराणी अकोले, जुन्नरच्या डोंगरांत गड आणि घाटवाटा राखत होती, त्यांचे वेतन व मान १८१८ नंतर कमी होत गेले, आणि त्यातूनच बंडे उभी राहिली. ज्या ठाण्याहून जव्हारवर देखरेख ठेवली जाई, त्याच ठाण्याच्या तुरुंगात २ मे १८४८ रोजी या बंडांचे एक नेते राघोजी भांगरे यांना फाशी देण्यात आली.