माल तयार, कागद अपुरे: निर्यातीबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न: कळमेश्वरजवळ आमचा मिरची पावडरचा छोटा कारखाना आहे. दुबईहून 25 किलोच्या 500 पोत्यांची ऑर्डर येऊ घातली आहे. आमची ही पहिलीच निर्यात. कागद कोणते आणि कोणत्या क्रमाने करायचे?

ऑर्डर पक्की होईपर्यंत थांबू नका, नोंदण्या आधी उरका. आयात-निर्यात कोड, म्हणजे आयईसी, डीजीएफटीच्या, म्हणजे केंद्राच्या विदेश व्यापार महासंचालनालयाच्या, पोर्टलवर मिळतो. फी 500 रुपये. दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये त्यातली माहिती पुन्हा पक्की करावी लागते, काहीही बदललेले नसले तरी. हे राहून गेले की कोड बंद पडतो आणि ते कळते थेट शिपिंग बिल, म्हणजे कस्टम्सकडे भरायचा निर्यातीचा अर्ज, अडल्यावर. मग बँकेकडून एडी कोडचे, म्हणजे परकीय चलनाचा व्यवहार करणाऱ्या बँक शाखेच्या क्रमांकाचे, पत्र घेऊन तो आइसगेट या कस्टम्सच्या पोर्टलवर नोंदवा. माल जिथून निघणार त्या कस्टम्स ठाण्यात तो दिसतो का, हे सीएचएला, म्हणजे कस्टम्सचे काम करणाऱ्या एजंटला, आधीच तपासायला सांगा. मसाला असल्यामुळे स्पाइसेस बोर्डाची निर्यातदार नोंदणीही लागेल. मिरचीत सुदान हे बंदी असलेले कृत्रिम रंग आणि अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष तपासतात, तेव्हा चाचणी कोणत्या प्रयोगशाळेची चालेल हे खरेदीदाराला लेखी विचारा. जीएसटी न भरता माल पाठवायचा तर आरएफडी-11 हा फॉर्म भरून एलयूटी, म्हणजे हमीपत्र, घ्या. तो एका आर्थिक वर्षापुरताच असतो. मार्चचा एलयूटी एप्रिलच्या बिलाला चालत नाही.

त्यानंतर प्रत्यक्ष मालाचे कागद: कमर्शियल इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल, मूळ देशाचा दाखला आणि शेवटी जहाज कंपनीचे बिल ऑफ लेडिंग, म्हणजे माल चढवल्याची पावती. भारत-यूएई करार 1 मे 2022 पासून लागू आहे. त्याखालची शुल्कसवलत खरेदीदाराला हवी असेल तर साधा दाखला पुरत नाही, त्याच कराराचा दाखला डीजीएफटीच्या पोर्टलवरून काढावा लागतो.

माल बहुतेकदा अडतो तो वजनात. तुमचाच हिशोब घ्या. 500 पोती गुणिले 25, म्हणजे निव्वळ 12,500 किलो. रिकामे पोते 120 ग्रॅमचे धरले तर 60 किलो वाढले. पोती रचायच्या फळ्यांची, म्हणजे पॅलेटची, गरज 50 पोत्यांना एक याप्रमाणे 10, प्रत्येकी 20 किलो, म्हणजे आणखी 200. एकूण वजन 12,760 किलो झाले. पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल आणि बिल ऑफ लेडिंग, तिन्हीवर हाच आकडा हवा. पॅलेट ऐनवेळी आले आणि लिस्ट जुनीच राहिली, की 200 किलोची तफावत पडलीच. जहाज कंपनीला द्यायच्या व्हीजीएममध्ये, म्हणजे भरलेल्या कंटेनरच्या प्रमाणित वजनात, याशिवाय कंटेनरचे स्वतःचे वजन मिळवायचे असते. ते कंटेनरच्या दारावर 'टेअर' म्हणून रंगवलेले असते, तिथूनच उतरवून घ्या. अंदाजाने आकडा टाकू नका. जुलै 2016 पासून व्हीजीएमशिवाय कंटेनर जहाजावर चढवत नाहीत.

प्रश्न: हिंगणा एमआयडीसीतून आम्ही मशीनचे सुटे भाग लाकडी खोक्यांत पाठवतो. फ्युमिगेशनचे, म्हणजे कीड मारायला धुरी दिल्याचे, सर्टिफिकेट जोडूनही परदेशात माल अडला. असे का झाले?

बहुधा खोक्यावर शिक्का नव्हता किंवा वाचता येत नव्हता. लाकडी पॅकिंगसाठीच्या आयएसपीएम-15 या आंतरराष्ट्रीय नियमात कागदापेक्षा लाकडावरच्या शिक्क्याला महत्त्व आहे. त्यात आयपीपीसी या आंतरराष्ट्रीय वनस्पती संरक्षण कराराचे गव्हाच्या लोंबीचे चिन्ह, देशासाठी 'आयएन', प्रक्रिया करणाऱ्याचा क्रमांक आणि प्रक्रियेचे सांकेतिक नाव, उदाहरणार्थ 'एचटी', असते. एचटी म्हणजे लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सिअसला सलग 30 मिनिटे तापवलेले. शिक्का समोरासमोरच्या दोन बाजूंवर घ्या आणि लाल किंवा नारिंगी शाई टाळा. सुताराने ऐनवेळी एखादी साधी फळी ठोकली की सगळे खोके संशयात येते. दुरुस्तीचे लाकूडही प्रक्रिया केलेले आणि स्वतंत्र शिक्क्याचे हवे. या कटकटीपेक्षा प्लायवूडची खोकी बरी, त्यांना हा नियम लागू नाही. पण आतून साध्या लाकडाच्या पट्ट्या ठोकल्या तर त्या पट्ट्यांना तो लागतोच.

प्रश्न: काटोलहून बांगलादेशला संत्री पाठवायची आहेत. सीएचएने मालाच्या वर्गवारीचा (एचएस) कोड 0805 10 टाकला. बरोबर आहे का?

नाही. 0805 10 हा ऑरेंजचा, म्हणजे मोसंबीच्या गटाचा कोड. आपले नागपुरी संत्रे मँडरिन वर्गात मोडते, शास्त्रीय नाव सिट्रस रेटिक्युलाटा; त्याचा कोड 0805 21. पलीकडचा कस्टम्स अधिकारी कोडवरूनच शुल्क ठरवतो, त्यामुळे आधी खरेदीदाराला विचारा आणि मग सगळ्या कागदांवर एकच कोड ठेवा. फायटोसॅनिटरी, म्हणजे माल कीडरोगमुक्त असल्याच्या, सर्टिफिकेटवरही हेच शास्त्रीय नाव लागते. बांगलादेशचा आयात परवाना खरेदीदाराने काढायचा. त्याच्या अटी वाचल्याशिवाय ट्रक भरू नका. क्रेटमध्ये पाने, माती, डागाळलेले फळ दिसले तर तपासणीतच माल परत फिरतो.

प्रश्न: खरेदीदाराला दर 'एफओबी नागपूर' असा दिला तर चालेल का?

चालत नाही, कारण एफओबी, म्हणजे माल जहाजावर चढेपर्यंतची जबाबदारी विक्रेत्याची, ही बंदराची अट आहे आणि नागपूरला बंदर नाही. नागपुरात कंटेनर ताब्यात देऊन जबाबदारी संपवायची असेल तर 'एफसीए नागपूर', म्हणजे नागपुरात वाहतूकदाराकडे माल सोपवण्याची अट, लिहा. मुंबईजवळच्या न्हावा शेवा बंदरापर्यंतचा खर्च आणि जोखीम तुमचीच असेल तर 'एफओबी न्हावा शेवा' लिहा आणि रेल्वे किंवा ट्रकचे भाडे दरात धरा. पतपत्रात (खरेदीदाराच्या बँकेच्या पैशांच्या हमीत, म्हणजे एलसीत) दिलेली अट अक्षरशः तशीच इनव्हॉइसवर उतरवा, बँक एका शब्दाच्या फरकावरूनही पैसे अडवते. पतपत्रात कागद सादर करायची मुदत लिहिलेली नसेल तर माल चढवल्याच्या तारखेपासून 21 दिवसांत कागद बँकेत पोहोचले पाहिजेत.