अतिसंवाहकांवरील संशोधन : डिचोलीच्या एका आईच्या पत्राला उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपली कन्या बारावी विज्ञान शाखेत आहे, द्रव नायट्रोजनने गारठवलेल्या चकतीवर तरंगणारे चुंबक पाहिल्यापासून तिने अतिसंवाहकांवर, म्हणजे पुरेसे थंड केल्यावर विजेला होणारा रोध शून्य होतो अशा पदार्थांवर (सुपरकंडक्टरवर), संशोधन करण्याचे मनात घेतले आहे, आणि तिच्या वडिलांचा आग्रह मात्र फर्मागुढीला अभियांत्रिकीला जाण्याचा आहे, असे आपण लिहिता. "यात पोट भरेल का, आणि कधी?" हा आपला प्रश्न रास्त आहे.

बी.एस्सी., एम.एस्सी. आणि पीएच.डी. मिळून दहा-अकरा वर्षे जातात, त्यानंतर बहुधा पोस्टडॉकची, म्हणजे तात्पुरत्या संशोधनपदाची, दोन-तीन वर्षे. म्हणजे कायमची नोकरी तिशी उलटल्यावरच. मात्र पीएच.डी. पदरमोड करून करावी लागत नाही. नेट या राष्ट्रीय परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनवृत्ती मिळाल्यास पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये विद्यावेतन मिळते, घरभाडे भत्ता वेगळा.

पैशांपेक्षा मला काळजी वाटते ती त्या तरंगत्या चुंबकाची, कारण रोजचे काम तसे दिसत नाही. तांदळाच्या दाण्याएवढ्या नमुन्यावर चांदीच्या लेपाने केसासारख्या चार तारा चिकटवायच्या, दोहोंतून प्रवाह सोडायचा, उरलेल्या दोहोंवर विभवांतर (व्होल्टेज) मोजायचे, आणि तापमान उतरवत रोध कुठे शून्य होतो ते पाहायचे. कित्येकदा तो 'शून्य' निखळलेल्या तारेचा निघतो! २०२३ साली कोरियातील एका गटाने एलके-९९ हा पदार्थ सामान्य तापमानालाच अतिसंवाहक असल्याचा दावा केला, तेव्हा रोध एकदम घटलेला दिसला होता खरा, पण तो त्यातील कॉपर सल्फाइडच्या भेसळीमुळे, हे इतरांनी महिन्याभरात दाखवून दिले. याउलट मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील गटाने बिस्मथ केवळ ०.५३ मिलिकेल्विनला, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या (शक्य त्या सर्वांत कमी तापमानाच्या) वर अंशाच्या हजाराव्या भागाच्या निम्म्यावर, अतिसंवाहक होतो हे दाखवले, आणि ते टिकले.

वाटेविषयी थोडक्यात. मडगाव किंवा पणजीच्या महाविद्यालयातून बी.एस्सी. करून जॅम परीक्षेद्वारे आयआयटीत एम.एस्सी.ला जाता येते. ताळगावचे गोवा विद्यापीठही आहे. अभियांत्रिकीला गेल्यानेही दार बंद होत नाही. गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेतील एसएसटी-१ सारख्या, अणुसंमीलनाच्या (फ्यूजनच्या) प्रयोगांसाठीच्या यंत्रांचे अतिसंवाहक चुंबक द्रव हेलियमने थंड ठेवण्याचे काम अभियंतेच करतात. वडिलांना हे अवश्य सांगावे. गोव्यातच नोकरी हवी असेल, तर या विषयातील जागा मोजक्याच आहेत, हेही तिला आत्ताच कळू द्यावे.

एक गोष्ट आपण घरीच विचारून पाहावी. हायर सेकंडरीच्या प्रयोगशाळेत रोध मोजण्याच्या मीटर ब्रिजची वाचने जुळत नाहीत, तेव्हा ती जोडण्या सोडवून, घासून पुन्हा लावते, की मैत्रिणीच्या जर्नलमधले आकडे उतरवून घेते? तिचे उत्तर मला कळवावे, बी.एस्सी. की अभियांत्रिकी, याविषयी मी त्यानंतरच लिहीन.