घर ठेवू की दागिने?

जर्मनीत शिकायला येताना कर्जासाठी वडिलांचं घर तारण द्यावं की आईचे दागिने, असं तुम्ही विचारलंय. व्हिसा, ब्लॉक्ड अकाउंट (व्हिसासाठी खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायचं खातं), व्याजदर हे सगळं साइटवर मिळेल. मी दुसरंच सांगते.

दागिने ठेवले की ते बँकेच्या तिजोरीत जातात आणि आईला लग्नाकार्यात ते जाणवतं. गाडी नजरगहाण असली तर ती दारातच राहते, फक्त आरसी बुकावर बँकेचं नाव चढतं. घराचं तर त्याहून सोपं वाटतं. राहायचं आपणच, बँकेकडे जातात ते नुसते कागद.

२०१४ साली बाबांनी आमच्या सांगलीच्या फ्लॅटचं १९९१ चं मूळ खरेदीखत प्लास्टिकच्या पिशवीत घालून, वर रुमालात बांधून कर्जासाठी बँकेत नेलं. साहेबांनी थुंकी लावून पानं मोजली आणि फाइलला लावली. मूळ कागद कर्जापोटी बँकेच्या हवाली केले की कायद्याने गहाण झालं. आपल्याकडे महाराष्ट्रात वर तीस दिवसांत दुय्यम निबंधकाकडे तशी सूचना नोंदवायची, बस. पावती मागायचं मला सुचलं नाही. बाबा म्हणाले, "कागदच तर आहेत."

२०२० मध्ये कर्ज फिटलं, पण खरेदीखत सापडेना. "फाइल गोडाउनला गेलीय, पुढच्या आठवड्यात या." एकाहत्तराव्या वर्षी बाबा दर आठवड्याला जायचे. मी ऑफिसला निघताना फोन करायची, तेव्हा तिकडे दुपार झालेली असायची. "नाही आलं अजून," एवढंच. २०२२ मध्ये ते गेले. खरेदीखत आजही नाही. निबंधक कार्यालयातून प्रमाणित नक्कल काढली, पण आईला जिने झेपत नाहीत म्हणून फ्लॅट विकायला काढला, तर घेणाऱ्याचा वकील पहिला प्रश्न विचारतो, "ओरिजिनल कुठाय?" मग भाव पडतो. आई अजून तिसऱ्या मजल्यावरच आहे.

आता रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. १ डिसेंबर २०२३ पासून, कर्ज पूर्ण फिटल्यावर तीस दिवसांत कागद परत द्यायचे, बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये. आम्हाला तो उशिरा आला. तरी तुम्ही प्रत्येक कागदाची, पानांच्या संख्येसकट यादी करा, तिच्यावर सही-शिक्का घ्या. स्कॅन आधी काढा. प्रमाणित नक्कलही आत्ताच काढून ठेवा, वडील हिंडते-फिरते आहेत तोवर.

एकटेपणाचंही विचारलंत. पहिला हिवाळा जड जातो, मग सवय होते.

गेल्या वर्षी आम्ही इथे स्टुटगार्टजवळ घर घेतलं. नोटरीने सगळा करार मोठ्याने वाचला, सत्यनारायणाची पोथी वाचावी तसा, तासभर. मी विचारलं, बँकेला मूळ कागद कधी द्यायचे? त्याला प्रश्नच कळेना. इथे बँकेचा बोजा कोर्टातल्या जमीन-नोंदवहीत चढतो आणि फिटला की बँकेच्या संमतीने खोडतात. हरवायला काही नसतंच. मला इतका राग आला! कोणाचा, ते अजून ठरलेलं नाही.

मग घर की दागिने? माझ्या मनाचं विचाराल तर दागिने. पण मी निःपक्षपाती नाही, आणि रक्कम मोठी असेल तर दागिने पुरणारही नाहीत. घरच ठेवणार असाल तर ती यादी करताना मला फोन करा. सकाळी साडेसहाला उठलेली असते.