गायरानातली कुसळी, मेंढरं आणि वणवा: शेतकऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरं

सोलापूर, अहिल्यानगर आणि पुण्याच्या पूर्व पट्ट्यातून पावसाळ्याच्या तोंडावर ठरावीक प्रश्न येतात. गायरानात नुसती कुसळी, म्हणजे टोचऱ्या कुसळांचं गवत, उरली आहे, मग चराईबंदी करावी का? माळ पेटवला की गवत जोमानं येतं, हे खरं का? आणि जागा पडूनच आहे, तर झाडं का लावू नयेत?

आधी चराईबंदी. राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजारनं ती केली आणि गवत विळ्यानं कापून नेऊ दिलं, त्याचा फायदा सगळ्यांनी पाहिला. माती वाहून दगड उघडे पडले असतील, तर तीन-चार वर्षं बंदी घालाच. पण जिथं गवत अजून तग धरून आहे आणि धनगरांचे वाडे, म्हणजे मेंढरांसह मुक्कामाचे तळ, पिढ्यान्‌पिढ्या उतरतात, तिथं कायमची बंदी मला पटत नाही. गवत बिघडतं ते चराईच्या वेळेमुळे.

जनावर आधी चवीचं खातं. पवन्या, मारवेल, डोंगरी ही गवतं फुलावर येण्याआधीच ओरबाडली जातात. त्यांचं बी पडत नाही आणि मुळं खचत जातात. कुसळी मात्र कुसळं धरली की तोंडाला टोचते, त्यामुळे तिला कोणी शिवत नाही आणि तिचंच बी माळभर पडतं. अशी आठ-दहा वर्षं गेली की माळ तिच्या ताब्यात.

यावर उपाय म्हणजे गायरानाचे चार वाटे करा. एक वाटा पहिल्या पावसापासून बी झडेपर्यंत, साधारण दिवाळीपर्यंत, पूर्ण राखा. उरलेल्या तिन्हींत आळीपाळीनं चारा. पुढच्या वर्षी दुसरा वाटा राखा, म्हणजे चार वर्षांत प्रत्येकाला एकदा विसावा मिळतो. कुसळीचं राज्य असलेला वाटा मात्र यंदा राखू नका. ती कोवळी असताना, जुलै-ऑगस्टमध्येच तिथं मेंढरं घाला. कुसळं पिकल्यावर ती लोकरीतून कातडीत घुसतात, जखमा होतात, आणि तोवर बीही तयार झालेलं असतं.

राखलेल्या वाट्यातलं थोडं गवत फुलोऱ्यात कापून वाळवा, तेव्हाच त्यात कस असतो. बाकीचं बियाण्याला सोडा. पवन्याचं बी हातानं ओरबाडून गोळा करा आणि पुढच्या जूनपर्यंत कोरड्या जागी ठेवा, कारण ताजं बी नीट उगवत नाही. माती-शेणात कालवून पहिल्या पावसावर उघड्या जागी टाका. नांगरट करू नका.

या पाळीचा लाभ गवतापुरता नाही. धाविक आणि टिटवी या पाखरांना मोकळी, खुरटी जमीन लागते. तणमोराला आणि लाव्याला उंच गवताचा आडोसा लागतो. सगळा माळ चरून साफ केला तर एक गट जातो, सगळा राखला तर दुसरा. चरलेला आणि राखलेला वाटा शेजारी-शेजारी असले, तर दोघांची सोय होते.

हे ठरवताना मेंढपाळांना बैठकीला बोलवा. त्यांतले बरेच जण दिवाळीनंतर कोकणात उतरतात आणि पावसाच्या सुमारास परततात. त्यामुळे वाद असतो तो पावसाळ्यातल्या महिन्यांचाच. ज्यांच्या मेंढ्या तुम्ही खतासाठी हौसेनं शेतात बसवून घेता, त्यांना विचारल्याशिवाय केलेला ठराव कागदावरच राहील.

वणव्याचं म्हणाल तर जळाल्यावर कोवळा फुटवा हिरवागार दिसतो, हे खरं. पण कुसळीचं बी आपल्या कुसळानं पिळवटत मातीत शिरलेलं असतं, ते वाचतं. वरचा पालापाचोळा, किडे, जमिनीवरची अंडी, इतर गवतांचं बी जळतं. दरवर्षी पेटवाल, तर दरवर्षी कुसळीलाच मदत कराल. कडेनं जाळरेषा, म्हणजे आग अडवणारा गवत काढलेला पट्टा, काढा, तेवढं पुरे.

झाडांबद्दल मी थोडा हट्टी आहे. माळरान ही ओसाड जागा नव्हे. माळढोकासाठी 1979 मध्ये जाहीर झालेल्या नान्नजच्या अभयारण्याच्या परिसरात लावलेलं गिरिपुष्पाचं झाडही माळाला मानवलं नाही: सावलीत गवत विरळ होतं आणि उघड्यावर राहणारी पाखरं तिथून उठतात. लावायचीच असतील तर ओढ्याकाठी, बांधावर हिवर, बोर, बाभूळ लावा. चर खणण्याचं यंत्र चांगल्या गवतात घालू नका.

वेडी बाभूळ मेंढरांच्या लेंड्यांतून पसरते. वाडा उठला की त्या जागेवरची रोपं पहिल्या पावसातच उपटा, दुसऱ्या वर्षी ती हाताला येत नाहीत.

वाटे ठरले की ग्रामसभेचा ठराव करा आणि गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीच्या नोंदवहीत पाळी लिहून ठेवा. 2002 च्या कायद्यानं ही समिती प्रत्येक ग्रामपंचायतीत असायला हवी. अतिक्रमणाचा प्रश्न असेल तर तो तहसीलदारांकडे न्या.

शेवटचा प्रश्न एका मेंढपाळाचा होता: लांडग्यानं मेंढरू नेलं तर काय करायचं? विष घालू नका, तो गुन्हा आहे. 48 तासांच्या आत वनरक्षकाला कळवा, मेलेलं मेंढरू हलवू नका आणि पंचनामा करून घ्या. लांडग्यानं मारलेल्या पशुधनाला वनविभागाकडून भरपाई मिळते.