कोल्हापूरच्या आसपास रोड सायकलसाठी शांत, डोंगराळ रस्ते कोणते?

तुम्ही लिहिलंय की बदली होऊन महिनाभरापूर्वी कोल्हापुरात आलात, रोड सायकल सोबत आहे, हायवेवर जीव मुठीत धरून चालवायचा कंटाळा आलाय आणि शनिवार-रविवारी अर्ध्या दिवसात होतील असे गावांतून जाणारे, चढाचे रस्ते हवेत. मी फुलेवाडीच्या बाजूला राहते आणि बारा वर्षं याच रस्त्यांवर चालवतेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी एक गोष्ट. इथे प्रेक्षणीय ठिकाणांची यादी घेऊन सायकल चालवू नका, नद्यांचा नकाशा घ्या. कोल्हापूरची पंचगंगा म्हणजे कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानली जाणारी सरस्वती. शहराला लागून असलेल्या प्रयाग चिखलीला हा संगम आहे. या नद्या पश्चिमेकडून, सह्याद्रीच्या माथ्यावरून येतात. प्रत्येकीचं आपलं खोरं, प्रत्येक खोऱ्यात नदीला धरून जाणारा एक रस्ता, आणि दोन खोऱ्यांच्या मध्ये डोंगराची रांग. नदी धरून वर गेलात तर रस्ता हळूहळू चढतो, दोन्ही बाजूंना ऊस आणि भात. एक खोरं सोडून दुसऱ्यात उतरायचं ठरवलंत की खरा चढ लागतो. एवढं डोक्यात बसलं की कुणाला विचारायची गरज उरत नाही. आज पाय जड आहेत, तर एकाच नदीकाठानं जाऊन परत या. अंगात जोर आहे, तर खोरं बदला.

याचा आणखी एक फायदा आहे. सकाळी तुम्ही नदीच्या उलट्या दिशेनं, पश्चिमेला जाता, तेव्हा वारा पडलेला असतो. परतताना नदीबरोबर उताराला लागता आणि उन्हाळ्यात त्या वेळेपर्यंत पश्चिमेचा वारा सुटलेला असतो, तो पाठीवर येतो. पंचावन्न किलोमीटर जाऊन दमलेल्या माणसाला याची किंमत कळते.

जोतिबा आणि पन्हाळा तुम्हाला सगळेच सांगतील, म्हणून थोडक्यात. पन्हाळा समुद्रसपाटीपासून 977 मीटरवर, म्हणजे शहरापेक्षा साधारण 400 मीटर उंच. रत्नागिरी रस्त्यानं केर्ली, मग वाघबीळ, तिथून डावीकडे गडाचा घाट. चढ चांगला आहे, पण हा रस्ता आता राष्ट्रीय महामार्ग आहे, त्यावर ट्रक आहेत आणि सुट्टीच्या दिवशी गडावर गाड्यांची रांग असते. 2025 मध्ये मराठ्यांच्या इतर किल्ल्यांबरोबर पन्हाळा जागतिक वारसा यादीत गेला, त्यानंतर तर विचारूच नका. आठवड्यात मधल्या वारी, पहाटे जा. जोतिबाला रविवारी आणि पौर्णिमेला अजिबात जाऊ नका. रविवार देवाचा वार, रस्ता भाविकांचा. चैत्र यात्रेत तर तो रस्ता गुलालानं गुलाबी असतो, आणि ओला गुलाल टायरखाली फार निसरडा होतो.

माझा सगळ्यात आवडता रस्ता कुंभीचा, म्हणजे गगनबावड्याचा. फुलेवाडी, बालिंगा, कळे, असळज आणि गगनबावडा, साधारण 55 किलोमीटर. तुम्ही नवे आहात, तर पहिल्यांदा फक्त कळ्यापर्यंत जा. वीस-बावीस किलोमीटर आहे, कळ्यात चहा घ्या, परत या. पुढच्या वेळी असळज. कळ्यापर्यंत दुधाचे टेम्पो, शाळेची पोरं, डेअरीसमोर किटल्या घेऊन उभी माणसं, असा रस्ता जागा असतो. कळे सुटलं की डोंगर दोन्हीकडून जवळ यायला लागतात, ऊस मागे पडतो, भाताची खाचरं सुरू होतात, आणि हवेतला गारवा हाताच्या पाठीला आधी कळतो. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, शहरात त्याच्या पाव भागाच्या आसपास. एका सकाळच्या सायकलीत तुम्ही त्या दोन टोकांमधून जाता. सप्टेंबरच्या शेवटी हा फरक डोळ्यांनी दिसतो. शहरात ऊन असतं आणि असळजच्या पुढे झाडांच्या खोडांवर शेवाळ ओलं असतं.

गगनबावड्यातून कोकणात दोन घाट उतरतात, वैभववाडीकडे करूळ आणि खारेपाटणकडे भुईबावडा. माथ्यावर उभं राहून खाली बघायला दोन्ही सुंदर. पण अर्ध्या दिवसाच्या सायकलीत घाट उतरू नका. जेवढं उतराल तेवढं उन्हात चढून यायचं आहे, आणि करूळमध्ये अवजड गाड्या असतात. धुकं आलं तर घाटाच्या तोंडावरूनच मागे फिरा. मागचा लाल दिवा दिवसासुद्धा चालू ठेवा.

याच रस्त्यावर माझा टायर एकदा बाजूनं फाटला होता. असळजच्या अलीकडे, रिपरिप चालू, फटीतून ट्यूब फुग्यासारखी बाहेर. जवळ एक जादा ट्यूब होती, पण फाटलेल्या टायरला ट्यूब काय करणार? डेअरीत दूध घालून परतणाऱ्या एका मावशींनी थांबून विचारलं, "एकट्याच आलायसा व्हय?" मी टायर दाखवला. त्यांनी घरी नेलं, चुलीजवळ बसवलं, चहा दिला. दुधाच्या रिकाम्या पिशवीची चौपदरी घडी करून मी ती टायरच्या आतून फाटक्या जागी लावली, हवा थोडी कमी भरली आणि चाळीस किलोमीटर सावकाश चालवत घरी आले. तेव्हापासून जुन्या टायरचा बोटभर तुकडा खोगिराखालच्या पिशवीत कायम असतो. तुम्हीही ठेवा.

खोरं बदलायचं असेल तर तुळशीचा वेढा करा. फुलेवाडी, बालिंगा करत महेला या, महेच्या पुलावरून नदी ओलांडली की कसबा बीड. जुनं गाव आहे, वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मारकशिळा, जागोजागी उभे आहेत, आणि पावसात सोन्याची जुनी नाणी सापडतात म्हणून जिल्ह्यात प्रसिद्ध आहे. पाच मिनिटं उतरून वीरगळ नक्की बघा. तिथून बीडशेड आणि तुळशीच्या काठानं धामोड. धामोडला तुळशीचं धरण आहे. या रस्त्यावर एस.टी. आणि दुचाक्या सोडल्या तर फारसं काही भेटत नाही. धामोडहून राशिवड्याकडे वळलात की तुळशीचं खोरं सुटतं आणि तुम्ही भोगावतीच्या खोऱ्यात उतरता. पुढे परिते, हळदी करत राधानगरी रस्त्यानं घरी. शेवटी पुईखडीचा चढ आहे. नकाशावर तो दिसतही नाही, पण सत्तर किलोमीटरनंतर, दुपारच्या उन्हात, तो चांगलाच जाणवतो. त्याच्यासाठी पाण्याचे चार घोट राखून ठेवा.

राधानगरी धरणापर्यंतचा रस्ताही चांगला, पन्नास-पंचावन्न किलोमीटर. शाहू महाराजांच्या काळात बांधायला घेतलेलं हे धरण, त्याचे सात स्वयंचलित दरवाजे पाणी ठरावीक पातळीला आलं की आपोआप उघडतात. धरणाच्या पुढे दाजीपूरचं जंगल लागतं, गव्यांचं अभयारण्य. राधानगरीच्या पुढे पहाटे अंधारात जाऊ नका. गवा दिसला तर सायकल थांबवा, घंटी वाजवू नका, मोबाइल काढून जवळ जाऊ नका. त्याचा तो निघून जातो, त्याला वेळ द्या.

कासारीच्या खोऱ्यात बाजार भोगावपर्यंत जाता येतं, तिथून पुढे रस्ता अणुस्कुऱ्याच्या घाटाकडे जातो. तो पूर्ण दिवसाचा आणि सोबत कुणी असेल तरच करावा असा आहे, मध्ये फार वस्ती नाही. आणि एखादा मोकळा दिवस मिळाला तर सायकल गाडीत टाकून गारगोटीपर्यंत जा, तिथून वेदगंगेच्या काठानं कडगाव, पाटगाव. पाटगाव मधाचं गाव म्हणून ओळखलं जातं, तिथला मध घेऊन या. आठवड्यात ऑफिसच्या आधी तासभर मिळत असेल तर कळंब्यावरून कात्यायनीच्या डोंगराला जाऊन या, चढ छोटा पण नेमका आहे.

आता बंधाऱ्यांबद्दल, कारण हे नकाशा नीट सांगत नाही. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा हा शब्द तुम्ही पाटबंधारे खात्याच्या कागदांत वाचला असेल. दगडी खांब, मध्ये गाळे, पावसाळा संपला की गाळ्यांत बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, घालून पाणी अडवतात, पावसाळ्याच्या आधी बरगे काढतात. पण आमच्यासाठी हे बंधारे म्हणजे नदी ओलांडायचे छोटे पूलही आहेत. वरून एक चिंचोळी वाट असते, त्यावरून या काठावरनं त्या काठाला जाता येतं आणि दहा-पंधरा किलोमीटरचा फेरा वाचतो. हिवाळ्यात मधोमध उभं राहिलं की एका बाजूला तुडुंब शांत पाणी आणि दुसऱ्या बाजूला खाली कोसळणाऱ्या धारा. मात्र जुलै-ऑगस्टमध्ये जिल्ह्यातले कितीतरी बंधारे पाण्याखाली असतात. वरून घोटाभर पाणी वाहत असलं तरी सायकल उचलून पलीकडे जायचा विचार करू नका. पाण्याखाली कठडा कुठे संपतो ते दिसत नाही. पावसाळ्यात निघण्याआधी राजाराम बंधाऱ्याची पातळी बघायची सवय लावा. 39 फूट ही इशारा पातळी, 43 फूट धोका पातळी. पाणी इशाऱ्याच्या जवळ आलं की नदीकाठचा बेत मनातून काढून टाका.

गळीत हंगामाचं तंत्र वेगळं. साधारण नोव्हेंबर ते मार्च उसाच्या ट्रॉल्या दिवसरात्र रस्त्यावर असतात. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, बाहेर लोंबणारा ऊस, मागे दिवा असेलच असं नाही. ट्रॉलीच्या मागे चिकटून चालवू नका. ओव्हरटेक करताना दोन ट्रॉल्यांची लांबी धरून चला, एकीची नाही. शेतातून ट्रॉली रस्त्यावर येते तिथे चाकांचा चिखल पडतो, दव पडलं की तो साबणासारखा होतो. वळणावर असा काळ्या डांबरावर तपकिरी पट्टा दिसला की ब्रेक आधीच सोडा आणि सायकल सरळ ठेवा. बरं, याच दिवसांत गुऱ्हाळंही चालू असतात. काहिलीतून वाफ निघत असते, थांबून विचारलंत तर कुणी नाही म्हणत नाही. गरम काकवी आणि त्यावर पेलाभर रस, मला तर रस्त्यात यापेक्षा चांगलं खाणं माहीत नाही.

सायकलीबद्दल दोनच गोष्टी. आतले रस्ते खडबडीत आहेत आणि प्रत्येक गावाच्या तोंडाशी न रंगवलेला गतिरोधक आहे, म्हणून 25 मिलिमीटरचे टायर असतील तर 28 किंवा बसत असतील तर 32 चे घाला. आणि मागच्या कॅसेटची, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांच्या संचाची, सगळ्यात मोठी चकती 28 दात्यांची असेल तर 32-34 ची बसवून घ्या. पन्हाळ्याला आणि खोरं बदलताना गुडघे वाचतात. कळ्याच्या पुढे सायकलचं दुकान धरून चालू नका, पंप आणि दोन ट्यूब स्वतःच्या जवळ हव्यात.

येत्या शनिवारी पाऊस नसेल तर साडेपाचला निघा, फुलेवाडी सोडून कळ्याची वाट धरा. बालिंग्याच्या पुलावर उजाडेल. पूल अरुंद आहे, तिथे थांबू नका. पुलाच्या पुढे रस्ता मोकळा झाला की थांबा आणि मागे वळून नदीवरचं धुकं बघा.